थोरलीच्या नावाचं बिल

सन दोन हजार आठ. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. हे वय शाळेच्या दाखल्यातलं, मास्तरांनी माझ्या उंचीकडे बघून अंदाजाने लिहिलेलं. दुसरीपर्यंत शिकलो आणि मग गुरांमागे गेलो. पण सही करतो. अंगठा आजवर कुठल्या कागदावर लावला नाही. मोखाड्याच्या कचेरीत एकदा शिपायाने न विचारता माझा हात धरून शाईच्या गादीकडे ओढला, तेव्हा हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "पेन आण." हे सगळंही मी माझ्याच हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर. भात थोडा, नागली जास्त. त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. खळ्यावर नागली झोडताना माझी बायको पोट धरून खाली बसली. ओवा दिला, शेक दिला, भगताला दाखवलं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "पित्ताच्या पिशवीत खडे असणार, सूज आहे. नाशिकला न्या. आजच."

माझा मुलगा खोडाळ्याकडच्या शाळेवर मास्तर. डॉक्टरच्याच फोनवरून त्याला कळवलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जीप करून निघा. मी पतपेढीतून पैसे उचलतो आणि सकाळी पोहोचतो. घाबरू नका, आईचा विमा काढलेला आहे."

विमा म्हणजे मेल्यावर मिळतो एवढंच मला ठाऊक. जिवंत माणसाचा विमा ऐकून बरं वाटलं नाही. पण जीप बघायला निघालो.

नाशिकचं ते हॉस्पिटल मोठं, काचेचं. आत शिरल्याबरोबर बायकोला चाकाच्या खाटेवर घालून एका दारातून नेली आणि मला दुसरीकडे उभं केलं. टेबलामागे एक बाई बसली होती, पुढ्यात संगणक. तिने मानेनेच बोलावलं.

"पेशंटचं नाव सांगा, बाबा."

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. रेशनच्या रांगेत, मतदानाला, कुठेही नाव सांगायची वेळ आली तर शेजारचा सांगतो. मी त्याच्या बायकोचं सांगतो, तो माझ्या बायकोचं. सगळ्यांचं काम होतं. घरात हाक मारायची तर पहिल्या मुलाच्या नावाने, अमक्याची आयस, तमकीची आयस. आयस म्हणजे आई. आमचं पहिलं मूल मुलगी. तर माझी बायको लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून आमच्या थोरलीची आयस झाली, ती आजपर्यंत.

आणि थोरली नऊ वर्षांची होऊन गेली. त्याला तेव्हा तीस वर्षं होत आली होती.

मेलेल्या पोराचं नाव नुसतं घेत नाहीत. विशेष करून उंबऱ्याशी, सकाळच्या वेळी. हाक ऐकली की त्याला घराची वाट सापडते असं म्हातारी माणसं सांगायची. पण पुढे "ची आयस" लावलं की चालतं. मग ती हाक जिवंत माणसाची होते. त्या आधारावर मी तीस वर्षं तिचं नाव तोंडात ठेवलं होतं.

"बाबा, नाव. मागे लोक उभे आहेत."

मी मागे वळून बघितलं. सगळे परके. माझ्या बायकोचं नाव कोणाला माहीत असणार? जीपवाला गाडी लावायला गेला होता, आणि त्यालाही कुठे ठाऊक होतं.

"मुलगा सकाळी येईल. तो सांगेल," मी म्हटलं.

"सकाळपर्यंत पेशंटला बिननावाची ठेवू का? बायको ना तुमची? घरात कशी हाक मारता?"

मी हाक मारतो तशी सांगितली. थोरलीचं नाव घेतलं, पुढे आयस म्हटलं. तिने पहिला शब्द घेतला, दुसरा सोडला. मग माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं, वय विचारलं. मी म्हटलं अठ्ठावन्न-साठ. तिने खटखट केलं आणि कागद बाहेर आला. इंग्रजी. मी ऐटीत सही ठोकली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. मुलगा सकाळी आला, पैसे भरले, संध्याकाळी आईला शुद्धीवर आलेली बघून परत गेला, शाळेत तपासणी होती म्हणून. मी राहिलो. दोन खाटांची खोली होती, दुसरी खाट रिकामी. मी खाली चटई टाकली.

पहाटे दार उघडलं. नर्स होती, हातात ट्रे. तिने दारातूनच कागदावर बघून हाक मारली. थोरलीचं नाव, मग माझं नाव, मग आडनाव.

मी चटईवर उठून बसलो. अंगावर काटा आला म्हणतात तसं नव्हतं ते. कोणी छातीत हात घालून काहीतरी जागचं हलवावं, तसं. त्या क्रमाने ते नाव मी शेवटचं आश्रमशाळेच्या पडवीत ऐकलं होतं. पोरीला भेटायला गेलो होतो, मास्तर हजेरी घेत होते, आणि ती उभी राहून मोठ्याने "हजर" म्हणाली होती. आणि माझ्याकडे बघून हसली होती.

आणि आता नाशिकात, त्या पांढऱ्या दिव्यात, खाटेवरून माझी बायको बोलली, "हो."

नर्सने नाडी बघितली, इंजेक्शन दिलं, गोळी दिली, पाणी पाजलं, तोंड पुसलं. मी उठलो आणि म्हटलं, "सिस्टर, नाव चुकलंय. ही…"

बायकोने माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, पण नखं लागली.

नर्स गेल्यावर म्हणाली, "राहू द्या."

"अगं, पण ते तिचं नाव आहे."

"मला कळतंय कोणाचं आहे. मी ठेवलंय ते." तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "एवढ्या वर्षांनी तिला कोणीतरी औषध द्यायला हाक मारतंय. मारू द्या."

मी परत चटईवर बसलो. जितके दिवस तिथे होतो तितक्या पहाटे ती हाक यायची आणि ही "हो" म्हणायची. दिवसा नर्सा तिला आजी म्हणायच्या. नाव घ्यायचं ते फक्त पहाटे. मी आधीच जागा होऊन पडायचो. पायांचे आवाज जवळ आले की श्वास धरायचो. मला कधी वाटायचं, आज या खाटेवरून बारीक आवाजात "हजर" येईल. आलं नाही. पण वाट बघत नव्हतो असं मी म्हणणार नाही.

थोरलीला काय झालं होतं ते आता सांगून टाकतो. आश्रमशाळेतून तापाने घरी आणली. श्रावण होता. दोन दिवसांत उलट्या, मग नजर फिरली. झोळीत घालून चौघांनी उचलली. मोखाड्याला नेत होतो. मधला ओहोळ दुथडी भरून चालला होता, त्याच्या अलीकडे आम्ही उभे राहिलो, पाणी उतरेल म्हणून. पाणी उतरलं तेव्हा परत फिरलो. दवाखान्यात पोहोचलीच नाही, म्हणून केसपेपर निघाला नाही. जन्म घरी झाला होता, त्याची नोंद नव्हती. मेल्याची कोणी केली नाही. शाळेने पटावरून नाव काढलं. फोटो नव्हता. त्या पोरीचं नाव असलेला एकही कागद जगात नव्हता.

घरी आल्यावर, पहिल्याच रविवारी मुलगा बिलाची फाईल घेऊन आला. ओट्यावर बसलो. बायको आत पडली होती, दार उघडं. मी म्हटलं, "वाचून दाखव. एकेक ओळ. पैसे कशाचे गेले ते मला समजलं पाहिजे."

"बाबा, तीन पानं आहेत."

"मला कुठे जायचंय?"

तो वाचायला लागला. खोलीचं भाडं. नर्सिंग चार्ज.

"थांब. खाटेचं भाडं वेगळं आणि खाटेपाशी येण्याचं वेगळं?"

"हो. तसंच असतं."

"बरं. पुढे."

ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूल देणारा, त्याच्या भुलीचं औषध, सुया, नळ्या, पट्ट्या, हातमोजे.

"हातमोजे कोणाचे?"

"डॉक्टरांचे."

"हात त्यांचे, मोजे त्यांचे, पैसे माझे. घरी तरी द्यायचे होते, भात लावताना घातले असते."

आतून बायको हसली आणि टाके दुखले म्हणून कण्हली. मुलगाही हसला. मग त्याने मला विम्याचं समजावलं. त्याच्या पतपेढीने सगळ्या मास्तरांचा मिळून विमा काढला होता, दरवर्षी पगारातून कापून. त्यात आईबापही होते. पण ते हॉस्पिटल विम्याच्या यादीत नव्हतं, म्हणून आधी आपण भरायचे, मग अस्सल कागद पाठवायचे, मग ते देणार. आणि सगळे देणार नाहीत. हातमोजे, नोंदणी, माझं जेवण, हे त्यांच्यात बसत नाही. खोलीच्या भाड्यालाही मर्यादा होती आणि आम्ही घेतलेली खोली तिच्यावर गेली होती.

"तर खोलीचे जास्तीचे कापतील," मी म्हटलं.

"नुसते खोलीचे नाही. त्या प्रमाणात डॉक्टरची फी, थिएटर, सगळंच कापतात."

"म्हणजे खाट भारी घेतली तर सुरीही भारी लागते?"

"असंच समजा."

"हे आधी कोण सांगणार होतं?"

"लिहिलेलं असतं, बाबा. कोणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं." तो प्रामाणिकपणे म्हणाला. "तरी बरेचसे मिळतील. पतपेढीचा हप्ता सुरू झालाय, ते आले की मिटेल."

मग त्याने घरी सोडतानाचं कार्ड काढलं. त्यात आजार, ऑपरेशन, औषधं, आणि शेवटी एक ओळ. ती त्याने मराठीत करून सांगितली. "प्रकृती सुधारली. बरी होऊन घरी सोडले." आणि कार्ड उलटं करताना त्याचं लक्ष वर गेलं. पैसे भरताना त्याने आकडा बघितला होता, नाव कोण बघतं?

"बाबा. हे नाव कोणाचं?"

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"हे ताईचं नाव आहे." तो चार वर्षांचा होता ती गेली तेव्हा. त्याला ती आठवत नाही, पण नाव माहीत आहे, आईला मारायच्या हाकेत लहानपणापासून ऐकतो. "बिलावर ताईचं, कार्डावर ताईचं, औषधांच्या पावत्यांवर ताईचं. विम्यात आईचं. बाबा, एक पैसा मिळणार नाही! नाव सांगायला काय झालं होतं?"

"तुला माहीत आहे काय झालं होतं."

"हॉस्पिटलात कसली रीत?"

"रीत काय खुंटीला टांगून जायची असते?"

तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. आपल्याच बापावर किती ओरडावं याचा त्याला अंदाज येत नव्हता. आतून त्याची आई म्हणाली, "त्यांना बोलू नको. मी हो म्हणत होते."

दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला बिचारा. आपल्या आईबापांचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार.

पुढच्या शनिवारी तो नाशिकला जाऊन आला. हॉस्पिटलवाले म्हणाले, बिल बंद झालं, आता नाव बदलता येत नाही. प्रतिज्ञापत्र करून जोडा. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं नवऱ्याने शपथेवर लिहून द्यायचं. मुलगा खूश होऊन आला. एका सहीचं काम. आणि विम्याला कागद पाठवायची मुदत संपत आली होती.

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. बायको पहाटे झोपेत "हो" म्हणायची. हॉस्पिटलात नर्स यायची त्याच वेळी. मी जागा असायचो. बाहेर कुत्रं नाही, कोंबडा नाही, कोणाचं पाऊल नाही, आणि अंधारात ही स्पष्ट "हो" म्हणायची. हाक मला ऐकू यायची नाही, नुसती हो. पहिल्या दिवशी मी तिला हलवून विचारलं, "कोणी बोलावलं?" ती म्हणाली, "मला वाटलं बोलावलं." दुसऱ्या दिवसापासून विचारलं नाही. दाराकडे बघत पडून राहायचो.

जव्हारला कोर्टाच्या बाहेर टाईपरायटर घेऊन बसणारे असतात. त्यातल्या एकाला मी ओळखत होतो. जव्हारच्याच जुन्या मुसलमान घरातला, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा, सगळे त्याला चाचा म्हणतात. माझ्या जमिनीचे कागद त्यानेच केलेले. मुलाने त्याला सगळं सांगितलं.

चाचा चष्मा पुसत म्हणाला, "बायकोचं नाव नाही घेत अजून? मग बाजारात हरवली तर शोधणार कसा?"

"ती हरवत नाही. मी हरवलो तर ती शोधते."

"वा. बस. करून देतो. अशी दहा केली असतील. तुमच्याकडचे सगळे असेच येतात, एक नाव रेशनला, एक मतदानाला."

त्याच्याकडे मजकूर तयार असतो. मधे नावं घालायची. टकटक करत त्याने पानभर काढलं आणि सहीला माझ्यापुढे ठेवलं. मुलगा म्हणाला, "करा सही." मी म्हटलं, आता वाचल्याशिवाय मी सही करत नाही. मराठीत होतं. बोट ठेवून वाचायला लागलो. मला वेळ लागतो. चाचाने तेवढ्यात विडी ओढून घेतली.

खाली एक ओळ होती. वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून त्यातील पहिल्या नावाची दुसरी कोणतीही व्यक्ती माझ्या कुटुंबात आजवर झालेली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"हे खोटं आहे."

"बाबा, ही नुसती ओळ आहे. सगळे लिहून देतात."

"सगळ्यांची पोर गेलेली नाही."

मुलगा खाली वाकून हळू आवाजात बोलला, लोक ऐकतील म्हणून. "बाबा, मुदत सोमवारी संपते. माझ्या पगारातून हप्ता जातोय. ताई आता आहे का? तिला या कागदाने काय होणार आहे?"

मी म्हटलं, "तिचं नाव असलेला जगात एकच कागद आहे, तो त्या फाईलीत. तो तर तू पाठवूनच देणार आहेस. आणि त्याच्या जोडीला माझ्या हातचा दुसरा, की अशी पोर झालीच नाही. मी सही करणार नाही. तुझा हप्ता मी नागली विकून फेडतो, शेत विकून फेडतो."

"शेत कोण घेतंय तिथलं?" तो वैतागून म्हणाला. आणि मग तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, मी विचारलं नाही.

चाचाने माझ्यापुढचा कागद उचलला, चुरगळला आणि खाली टाकला. "खोटं नको ना लिहायचं? मग खरं सांग. खऱ्यालाही तोच स्टॅम्प लागतो."

मी सांगितलं. तो टाईप करत गेला. की मला त्या नावाची मुलगी होती. ती नऊ वर्षांची असताना तापाने वारली. तिला दवाखान्यात पोहोचवता आलं नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे मी पत्नीस मुलीच्या नावाने हाक मारतो, म्हणून हॉस्पिटलात ते नाव लागलं. उपचार घेतले ते पत्नीने. मुलीने नाही. शेवटचं वाक्य टाईप करताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"विमावाले एवढी कहाणी वाचतील?" मुलाने विचारलं.

"न वाचून जातात कुठे. पैसे अडवायला तरी वाचतीलच," चाचा म्हणाला.

कागद घेऊन वकीलबाईंच्या खोलीत गेलो. प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारायचा अधिकार त्यांना होता. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"शपथेवर सांगा. पेशंट कोण होती? नाव घ्या."

मी मुलाकडे बघितलं. सवयीने. तो तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही. यांनी."

खोलीत पंखा फिरत होता. मी बेचाळीस वर्षांच्या संसारात ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. मनातही नव्हतं घेतलं. तोंडात लाकडासारखं आडवं आलं. पण मी विचार केला, एकीचं नाव राहायचं तर दुसरीचं घ्यायला लागणार. घेतलं. मोठ्याने घेतलं, पुटपुटलो नाही. माझ्याच कानाला ती कोणी अनोळखी बाई वाटली.

"आणि मुलीचं?"

तेही घेतलं. पुढे काही न लावता. तिचं, माझं, आडनाव.

बाईंनी शिक्का मारला. मी सही केली. आजवरच्या सगळ्या सह्यांत ती जरा बरी आली आहे.

मुलाने तिथेच जाड पाकिटात फाईल, कार्ड, पावत्या आणि प्रतिज्ञापत्र घातलं आणि पतपेढीच्या माणसाकडे देऊन आला. पुढे तीन-चार महिन्यांनी पैसे आले. खोलीपायी कापले, हातमोज्यांपायी कापले, नावापायी एक रुपया कापला नाही. पण ते नंतरचं.

संध्याकाळी मुलाने मला घरी सोडलं, आईशी दोन शब्द बोलला आणि परत गेला. बायको चुलीपाशी बसली होती, टाके सुकले होते.

"घेतलंत म्हणे माझं नाव."

"मुलाने सांगितलं वाटतं."

"कसं वाटलं?"

"लांब आहे."

ती हसली. मग काटक्या सारत म्हणाली, "आणि तो कागद?"

"गेला. अस्सल लागतो त्यांना."

"त्यावर लिहिलं होतं ना, बरी होऊन घरी सोडली?"

"हो. तसंच लिहिलं होतं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "मग आली कुठे?"

ती रडत नव्हती. खरंच विचारत होती. एखादी पोर बाजारातून निघाली आणि दिवे लागले तरी पोहोचली नाही, तर आई विचारते तशी. भाकरी झाल्यावर तिने ताटं घेतली. दोनच घेतली, पण हात क्षणभर तिसऱ्यावर थांबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या आधी उठलो. डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांतली एकच उरली होती. ती घेतली, लोट्यात पाणी घेतलं आणि दार उघडून बाहेर अंगणात गेलो. थंडी होती. समोरची डोंगराची कड अजून काळी होती. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. मी उंबऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि हाक मारली. थोरलीचं नाव, माझं नाव, आडनाव. हजेरी घेताना मास्तर घेतात तसं, सावकाश, एकेक सुटं.

थोडा वेळ काही नाही.

मग आतून आवाज आला, "हो."

मी गोळी आणि पाणी घेऊन आत गेलो. दार उघडंच ठेवलं.